मोरीवरचा ऊस

सदा, तुला भेटायला येणारी माणसं आता मला भेटायला येतात. खुर्चीवर टेकतात, पाणी पितात, तुझ्या फोटोकडे बघतात आणि थोड्या वेळानं हळूच विचारतात, "वैनी, पण तो नक्की करायचा काय हो?" दिवसभर पडवीत बसून कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायचा, एवढंच इथं रत्नागिरीजवळ, आपल्या मिऱ्यावर सगळ्यांना माहीत. परवा एकजण म्हणाली, "उसाचं रक्त तपासायचा ना?" मी हो म्हटलं. तू असतास तर तूही हो म्हटलं असतंस, आणि वर तिला उसाचा रक्तगटही सांगितला असतास.

मी त्यांना तुझ्याच पद्धतीनं समजावून सांगते. तुझ्या बाबांनी आयुष्यभर जाळी विणली, म्हणून तू नेहमी जाळ्यांचं उदाहरण द्यायचास. एकाच विणीची दहा जाळी घ्या, कात्रीनं बारीक कापा आणि सगळे तुकडे एकाच ढिगात टाका. आता कुठला तुकडा कुठल्या जाळ्याचा ते ओळखा आणि दहाही जाळी परत जोडून दाखवा. माणसाच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. उसाच्या आठ असतात, दहा असतात, कधी बारा, आणि एकमेकींसारख्या इतक्या, की कॉम्प्युटर दोन वेगळ्या प्रती सरळ एकीत मिसळून मोकळा होतो. यंत्र वाचतं ते फक्त तुकडे. जोडायचं काम तुझं. एवढं सांगितलं की माणसं मान हलवतात आणि म्हणतात, "म्हंजे किचकटच काम." मग चहा घेऊन जातात.

तुझ्या कामाबद्दल पहिली शंका माझ्या अण्णांनी काढली होती, आठवतं? आपलं लग्न ठरत होतं. तू आमच्या गावी आलास, कोल्हापूरकडच्या ऐन उसाच्या मुलखात, आणि सांगितलंस की मी उसावर संशोधन करतो. अण्णांनी तुला नीट न्याहाळलं आणि मला आत येऊन विचारलं, "मासं खाणारा माणूस उसाचं काय सांगणार गं?" मी ते तुला बाहेर येऊन जसंच्या तसं सांगितलं. तू हसलास नाहीस. अण्णांबरोबर नदीकडेच्या रानात गेलास. पाणी पाजून पाजून ती जमीन मीठफुटी झाली होती. वर पांढरा थर आला होता आणि अण्णांनी तिकडे जाणंच सोडलं होतं. तू खाली बसलास, चिमूटभर माती जिभेवर ठेवलीस आणि म्हणालास, "अण्णा, हे आमच्या विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त खारट नाही. आणि आमच्या मोरीवर ऊस आहे."

अण्णांना ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. कोकणातला ऊस म्हणजे काय ते मी लग्नानंतर पाहिलं. घरामागे न्हाणीचं, भांड्यांचं पाणी जिथून वाहतं तिथं केळी, अळू आणि त्यांच्यात दाटीवाटीनं वाढलेलं उसाचं एक बेट. करंगळीपेक्षा थोडी जाड, लालसर, वेडीवाकडी कांडी. मी म्हटलं, "याला आमच्याकडे गवत म्हणतात." तुझ्या आई तिथंच भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हण गो म्हण. तुळशीच्या लग्नाक हाच लागतो." त्यांचा स्वभाव तुझ्यात आला होता. समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपलं सोडायचं नाही.

पुण्याच्या प्रयोगशाळेत आपण दोघंही होतो. मी झाडं वाढवणारी, पानांतून डीएनए काढणारी. तू तो जोडणारा. लॉकडाऊनमध्ये आई एकट्या म्हणून इथं आलो आणि इथलेच झालो. त्या गेल्या त्या वर्षी तू बरेच दिवस नुसताच मागच्या दारी उभा असायचास. एका सकाळी आत येऊन म्हणालास, "हिचा ऊस वाचूया." पुण्याच्या लोकांना तू खाऱ्या पाण्यावर तगणारा जुना ऊस असं रीतसर पटवलंस आणि ते खरंही होतं. पण मला माहीत होतं तू कुणासाठी करतोयस. मी बेटातली कोवळी पानं काढली. पुष्कळ पानं लागतात, म्हणून सगळ्या बाजूंनी काढली. बेट म्हणजे एकाच झाडाचे फुटवे, हे शाळेतलं पोरही सांगेल.

आणि मग जाळी जुळेनात. प्रती जास्त निघायला लागल्या. दहा म्हणावं तर चौदा, चौदा म्हणावं तर आणखी. तू खूश. तुला वाटलं, जगात कुठं नाही असा ऊस आपल्या मोरीवर आहे. मी म्हणाले, कुठंतरी घाण मिसळली आहे. तू म्हणालास, घाण तुझ्या हातानं मिसळली असेल, माझ्या कॉम्प्युटरला हात नसतात. जवळजवळ वर्षभर आपण यावर भांडलो. जेवताना भांडलो, बाजारात सुरमईचा भाव करताना भांडलो. ती विकणारी बाई एकदा वैतागून म्हणाली, "तुमचा उसाचा मिटवा आधी, मग मासळीचा बोला." मी सगळ्या नळ्या, सगळी रसायनं पुन्हा तपासली. काही सापडलं नाही.

मग तुळशीचं लग्न आलं. आई नसल्या तरी लग्न लावायचं हे तूच ठरवलंस. समोरच्या घरचे आले, मागच्या वाडीतले आले. मंगलाष्टकं झाली, चिंचा-आवळे वाटले, पोरांनी मांडवाचा ऊस ओढून नेला. मी तबक घेऊन मागच्या दारानं आत येत होते, तर तू मोरीवर वाकलेला. हातात उसाचे उरलेले शेंडे. एकेक चिखलात खोचून वरून टाचेनं दाबत होतास.

राग आला किंवा घाबरले की माझं कोल्हापूर बाहेर येतं हे तुला माहीतच आहे. मी ओरडले, "आरं, काय करायलास?"

"ऊस लावतोय गो."

"कुणाचा?"

"समोरच्यांनी आणलेला. एवढा उरला होता."

"दरवर्षी लावतोस?"

"आई लावायची. जीव आहे त्यात, टाकायचा कशाला, म्हणायची. ती म्हातारी झाल्यावर मी..."

टाच तशीच चिखलात. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे. समोरच्यांचा ऊस रत्नागिरीच्या बाजारातला आणि बाजारातला ऊस आंबा घाट उतरून कोल्हापूरकडून येणारा. म्हणजे कित्येक वर्षं तू आणि तुझी आई मिळून त्या बेटात घाटावरचा ऊस पेरत होतात, आणि मी त्या सगळ्यांची पानं एकत्र कुटून पुण्याला पाठवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कॉम्प्युटरनं वर्षभर बरोबर सांगितलं होतं, की ही जाळी एका होडीची नाहीत.

तू मटकन पायरीवर बसलास. मला वाटलं, आता हा रडणार. आणि तू म्हणालास, "म्हणजे माझ्या आईच्या मोरीवर तुझं माहेर उगवलंय." त्यानंतर आपण जे हसलो, ते ऐकून समोरचे परत आले, काही राहिलं का म्हणून. त्या संध्याकाळी मला तू जितका आवडलास तितका आधी कधी आवडला नव्हतास. हे तुला सांगितलं नाही. आपल्यात असलं काही सांगायची पद्धत नव्हती.

पुण्याच्या मीटिंगमध्ये तू सरळ सांगून टाकलंस, "चूक आमच्या घराण्याची आहे." ते लोकही हसले आणि पुन्हा पहिल्यापासून करा म्हणाले. एकाच कांडीचा एकच डोळा, म्हणजे कोंब, कुंडीत लावायचा, त्यातून वाढेल तेवढाच ऊस वाचायचा. पण कुठल्या कांडीचा? बेटात लालसर, बारीक अशा तीन-चार जातींची सरमिसळ झालेली. त्या खारट, साबणाच्या पाण्यावर सगळेच तसे बारीक झाले होते आणि जे तगायचे नव्हते ते आधीच मेले होते. आई असत्या तर नुसतं बोट दाखवलं असतं.

तू कोयती घेतलीस. प्रत्येकातलं एकेक कांडं तोडलंस, सोललंस, विहिरीवर धुतलंस. मग उभ्या उभ्या एकेक चघळून बघायला लागलास. चेहरा असा, की जणू देवाला कौल लावतोयस. मी बाजूला उभी. तिसऱ्याला तू डोळे मिटलेस, जरा कण्हलास, चोथा थुंकलास आणि म्हणालास, "हा."

"हा म्हणजे?"

"आमचा."

"कशावरून?"

"दातांना आठवतं."

"मी पेपरात काय लिहू? नमुन्याची ओळख दातांनी पटवली?"

"लिही. तुला मराठीत लिहायचं असेल तर मराठीत लिही."

यावरून जे सुरू झालं ते कधी संपलंच नाही. आपल्या दोघांचं पुढचं सगळं काम एका चघळण्यावर उभं राहणार, हे मला सहनच होत नव्हतं. तू बाजारातल्या नेहमीच्या दोन जातींशी ताडून दाखवलंस, जुळत नाही म्हणून. मी म्हणाले, बाजारात घाटावरून काय दोनच जाती येतात? तू म्हणालास, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. मी म्हणाले, ही म्हण मीच तुला शिकवली, आणि ती इथं लागू होत नाही. तुझ्या बहिणीच्या, शोभाताईंच्या खेडच्या घरी आईंनी लग्नात दिलेला ऊस होता. तो मिळाला असता तर सगळं मिटलं असतं. पण तिथल्या जगबुडी नदीला पूर आला त्या वर्षी त्यांचं परसू वाहून गेलं, हे आपल्याला ठाऊक होतं. आणि आपण बेट कसं खराब केलं हे ताईंना सांगायला तू लाजत होतास. जगाला सांगितलंस, बहिणीला नाही.

पण काम तू किती सुंदर केलंस, सदा. हे मला आता शांतपणे दिसतंय. सकाळी पेज पिऊन तू पडवीत बसायचास, दुपारी जरा आडवा व्हायचास, चारला परत बसायचास. कुठं घाई नाही. दोन प्रतींमध्ये अक्षराअक्षराचा फरक शोधायचास आणि सापडला की आतल्या खोलीत येऊन मला खांद्यावर टकटक करायचास. फक्त टकटक, बोलायचं काही नाही. खारं पाणी सोसायला लागणारी जनुकं एका प्रतीवर सापडली तेव्हा तू अण्णांना फोन केलास. अण्णांना आता कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "लावायला कधी देतोस ते सांग." तू म्हणालास, "वेळ लागेल." ते म्हणाले, "मग लौकर कर." तू त्यावर दिवसभर खूश होतास. इतकं समाधानानं काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी तो रोज बघितला. यासाठी कुणाचे आभार मानायचे ते मला कळत नाही, म्हणून तुझेच मानते.

यंदा शेवटची प्रत सुटी झाली. दहाच्या दहा. आता फक्त एक गोष्ट उरली होती. सगळं जगासाठी खुलं करायचं, तेव्हा या उसाला काय म्हणायचं? पुण्याहून विचारणा आली. नमुन्याची जबाबदारी माझी, सही माझी. तू म्हणालास, "लिही, मिऱ्याचा जुना ऊस." मी म्हणाले, "नाही लिहिणार. मूळ अज्ञात असं लिहीन." तुझा चेहरा पडला. मला दिसलं, तरी मी मागे हटले नाही. मग तू म्हणालास, "जेवायला वाढ." भांडण अर्धवट ठेवून जेवायला बसायचं ही आपली रीत. बांगड्याची आमटी होती. तू दोनदा भात घेतलास.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू आडवा झालास तो उठलाच नाहीस.

लोक म्हणतात, शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, जिवाला लागत असेल. नाही लागत. आपलं भांडण म्हणजे आपलं बोलणंच होतं. रुसून, गप्प राहून गेला असतास तर लागलं असतं. मला दुःख आहे ते वेगळंच. ते पत्र पुण्याला अजून गेलं नव्हतं आणि आता तुझ्या सगळ्या कामावर 'मूळ अज्ञात' हे शब्द मला माझ्या हातानं लिहायचे होते. खोटं मी लिहिणार नव्हते. तू गेलास म्हणून तर मुळीच नाही. आणि खरं काय ते माहीत नव्हतं. आई म्हणायच्या तसा जीव टांगणीला लागला होता.

बाराव्याला शोभाताई आल्या आणि राहिल्या. एका सकाळी मागच्या दारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. तुळशीचं लग्न, शेंडे, टाच, दात, सगळं. त्या इतक्या हसल्या की सूप हातातून सुटलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मग मला नाय विचारायचं? माझा ऊस हाय की अलोऱ्याला."

"अलोऱ्याला?"

"खेडला माझ्या शेजारी ऱ्हायची ती, नवरा धरणाच्या कामावर. अलोऱ्याच्या कॉलनीत गेली तेव्हा माझ्याकडचा न्हेलान. पुराच्या आधी. आयनं मला हातानं काढून दिलान होता तोच. सांगितलान होता, ह्याच्यात बाजारचा मिसळू नको."

स्वतः मिसळणाऱ्या बाईनं लेकीला हे सांगावं! आम्ही दुसऱ्या दिवशीच अलोऱ्याला गेलो. क्वार्टरच्या मागे, तिथंही मोरीवरच, लालसर बारीक ऊस. मी त्या बाईंना पहिला प्रश्न विचारला, तुळशीच्या लग्नाचा उरलेला ऊस तुम्ही काय करता? त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "खातो." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पानं काढली आणि पुण्याला पाठवली.

उसाचं एक बरं असतं, हे तू मला कितीदा तरी सांगितलं होतंस. कांडी लावून वाढवलेला ऊस हा आधीच्या उसाचा मुलगा नसतो, तोच असतो. मिऱ्यावरचा आणि अलोऱ्याचा एकच असेल तर अक्षरं सांगतील. नसेल तरी सांगतील.

या आठवड्यात उत्तर आलं. एकच.

सदा, तू बरोबर होतास. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून तुला कधी म्हटलं नव्हतं. आज सरळ म्हणते. तू बरोबर होतास आणि मी चूक. मला हरल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता. पत्रात मी लिहिलं, मिऱ्याचा जुना ऊस, आणि खाली सही केली. अक्षर चांगलं आलं.

मग शोभाताईंना फोन लावला. म्हटलं, "ताई, तोच निघाला. तुमच्या भावाचे दात खरे ठरले."

"कसले दात?"

"चघळून ओळखला ना त्यानं. दातांना आठवतं म्हणाला."

त्या म्हणाल्या, "अगो वैनी, तो लहानपणी कधी ऊस खाल्लान न्हाय. किडके दात त्याचे, चावला की रडायचा. आय त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची, नि त्याच्या वाटणीचा ऊस मी खायची."

मी फोन ठेवला आणि हसत सुटले. तू गेल्यापासून एवढी हसले नव्हते. मग रडले आणि मग मला तुझा सणसणीत राग आला. ते डोळे मिटणं, ते कण्हणं, ते चोथा थुंकणं, सगळं नाटक! पानं बघून ओळखलास का? बेटातली आईंची जागा आठवत होती का? की नुसता एक उचललास आणि माझी काळजी थांबावी म्हणून छातीठोकपणे 'हा' म्हणालास? मी पडवीत गेले, मागच्या दारी गेले, त्या बेटासमोर उभी राहिले, मला तर अजूनही ते सगळे सारखेच दिसतात.

दहाही जाळी सुटली, नाव लागलं, अण्णांना कळवलं. आता माझं तुझ्याकडे एकच काम राहिलं आहे, सदा. खरं सांग, ओळखलास कसा?